चहाला नको म्हणालो

दादा,

तुमची वामकुक्षी मोडत नाही. पोहे झाकून ठेवलेत.

रविवारी मांजरी गावाला तो खोदाईचा जुना छोटा ट्रॅक्टर बघायला जायचं रद्द झालं, हे मी खोटं सांगितलं. मी एकटाच गेलो आणि घेऊन टाकला. खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो म्हणत तुम्ही मालकाची उलटतपासणी घेणार, याची मला लाज वाटली.

तुम्ही बजावलं होतं, मागची बकेट वर उचलायची, इंजिन बंद करायचं, निवांत चहा प्यायचा आणि मग ती जागेवर आहे का बघायचं; खाली आली तर आत तेलाचा दाब गळतोय. मालकाने चहा विचारलाही. मीच घाईत नको म्हणालो. नव्या रंगाला भुललो, दुसरं काय!

आज इंटरनेट केबलचा चर खोदताना बकेट वर ठेवून चहा घेतला. अर्धा कप होईस्तोवर ती जमिनीला टेकली होती.

मेकॅनिककडे जाऊन येतो. साडेचारला तुम्हालाही त्याच्याकडे न्यायला येईन. याल ना? त्याला हवे तेवढे प्रश्न विचारा.

खुंटीवरच्या पिशवीतली तुमची टॉर्च आत्ता लावून पाहिली. रविवारसाठी तुम्ही नवे सेल घातले होते.

मकरंद