निळ्या ड्रेसची शिवण

चि. काडीस,

काल स्वप्नात तू गुबगुबीत झाली होतीस. तू जिना चढत होतीस, पायऱ्या कुरकुरत होत्या, आणि मी कापसासारखी हलकी होऊन तुझ्या बोटाला धरून तरंगत होते. जाग आली तेव्हा शिलाईमशीनवर तुझा निळा ड्रेस तसाच पडला होता.

स्वतःच्या छातीतली गाठ तुझ्या हाताला लागली आणि डॉक्टरकडे पिटाळलंस मला! म्हणे, "मी काडी, मला काय धाड भरलीय? जाडी तू, ताई, तूच तपासून घे." माझ्यात काहीच निघालं नाही, आणि तू हिवाळा सरेपर्यंत निवांत राहिलीस. आता डॉक्टरबाई सांगतात, पाळी जायच्या आधीच्या वयात हा आजार बारीक बायकांमध्ये उलट थोडा जास्तच दिसतो. जन्मभर माझ्या ताटाकडे डोळे वटारणाऱ्या आपल्या आईला हे कोण सांगणार?

हे पत्र पाठवणार नाही. आजारी बहिणीवर चिडायचं तरी कसं? ड्रेस तेवढा दवाखान्यात पाठवतेय. तू म्हणालीस तसा चार बोटं आत घेतलाय, पण आतलं कापड कापलेलं नाही.

घरी ये, जाड हो. मी शिवण उसवते.

तुझी,
ढब्बूताई