ओढ्यातली साखर

चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद,

आज सकाळपासून आपल्या शाळेतला तो आवाज कानात घुमतो आहे. चौथी आणि दुसरी एकाच खोलीत, साठ पोरं एका सुरात कविता म्हणताहेत, मास्तर पट्टीने टेबलावर ठेका धरताहेत, आणि सगळे थांबल्यावर शेवटचा शब्द तू एकटाच म्हणतो आहेस. (त्या शब्दापायी खाल्लेल्या पट्ट्या तूही विसरला नसशील.) तुझा गुडघा कसा आहे? जिना टाळतोस ना? मी ठणठणीत आहे, म्हणजे शरीराने.

सदुसष्टाव्या वर्षी परदेशी येऊन पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करायचं माझं खूळ तुम्हाला ठाऊकच आहे. निघताना तुझी वहिनी म्हणाली होती, "जा, शिकून या. निदान घरात शिकवणं तरी थांबेल." इथे वर्गात माझ्या खालोखाल वडीलधारा विद्यार्थी सव्वीस वर्षांचा. आमचा गट दोघांचा, मी आणि आपलीच भाषा बोलणारी एक मुलगी. ती मला आजोबा म्हणते आणि नातवासारखं कामाला जुंपते. विद्यापीठामागच्या ओढ्याचं पाणी दर पंधरवड्याला काळपट काचेच्या बाटल्यांत भरायचं, पाच दिवस अंधारात ठेवायचं आणि त्यातला प्राणवायू किती संपला ते मोजायचं. जितका जास्त संपेल तितकं पाणी घाण. नोंदवहीत 'रंग' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'डुंबून उठलेल्या म्हशीच्या पाठीसारखा'. तिने ते खोडून 'राखाडी' लिहिलं. (काय उरलं सांग त्यात!)

तर पहिल्या खेपेनंतर बाटल्या धुऊन प्रयोगशाळेच्या बाईंना परत द्यायचं काम माझ्याकडे आलं. आता शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आईची शिस्त तुझ्याही हाडात मुरलेली आहे. बाईंनी विश्वासाने बारा बाटल्या दिल्या, आणि मी त्या कोरड्या ठणठणीत परत करू? प्रत्येकीत चिमूटभर साखर घातली, बुचं लावली, बाटल्या कपाटात ठेवल्या. सांगायला बाई जागेवर नव्हत्या. दुसऱ्या खेपेला मला सर्दी झालेली, म्हणून मुलीने एकटीनेच त्या बाटल्या नेल्या आणि भरल्या.

पाच दिवसांनी आकडे आले. प्राणवायू शून्य! ओढा मेलेला! सर इतके खूश झाले की विचारू नकोस. ओढ्याच्या वरच्या अंगाला मुरंब्याचा कारखाना आहे, त्याला खरमरीत पत्र लिहून त्यांनी वर्गात वाचूनही दाखवलं. 'तपासणीत पाण्यात साखर सापडली' हे वाक्य आलं आणि माझे पाय आपोआप उभे राहिले, हात पुढे झाला (छडीसाठी, जुनी सवय), आणि तोंडातून निघालं, "सर, साखर माझी आहे."

वर्ग हसला. ती हसली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा, माझी आजीपण अशीच साखर घालते. पण ती विद्यापीठात येत नाही!" आणि गेली. तिची पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती या अहवालावर आहे, आणि अहवालाला उरलेत आठ दिवस. सर म्हणाले, सगळं पाणी नव्याने भरा. पण ओढा फुगलेला, फुगलेल्या ओढ्यात एकट्याने उतरायचं नाही असा नियम, आणि तीन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. दुसरा जोडीदार शोधत असावी. शोधावाच.

वहिनीला यातलं काही कळवू नकोस. अभ्यास उत्तम चालला आहे असं सांग.

तुझा
दादा

ता. क. पत्र खरं एवढ्याचसाठी लिहिलं: तुझ्या मुलाला सांगून माझं परतीचं तिकीट काढ. मी बाजूला झालो की सर तिला चांगला जोडीदार देतील. घरी कारण काय सांगायचं ते तूच जुळव, हवं तर तुझा गुडघा पुढे कर.

ता. क. २ तिकीट काढू नकोस. निदान आज नको. दार वाजलं, टपाल न्यायला पोस्टमन आला असेल म्हणून पाकीट घेऊनच उघडलं, तर ती मुलगी दारात. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोन जोड. हे मी उभ्यानेच खरडतो आहे आणि ती म्हणते आहे, "पत्र नंतर, आजोबा. पाणी उतरलंय. आणि आधी खिसे उलटे करून दाखवा."

एक जोड माझ्या मापाचा आहे.