पट्टीतल्या यंत्राला एकदा हाक मारण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
ध्रुवीय महासागर निरीक्षण योजना (नवीन),
सागरी कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जुन्या योजनेतील चौदा क्रमांकाचे यंत्र 'हरवले' असे जाहीर करण्यापूर्वी जहाजावरून त्याला एक वेळ हाक मारण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन पत्रे. तिसऱ्या पत्रात पहिल्या दोन पत्रांचा उल्लेख नाही, म्हणून तिन्ही सोबत जोडली आहेत.

महोदय,

१. या यंत्राची गोष्ट सुरू झाली ते साल १९९६. ध्रुवाकडच्या महासागरावर कायमची नजर ठेवण्यासाठी नऊ देशांनी एकत्र यावे असे त्या वर्षी ठरले आणि त्याची आखणी करणारी बैठक आपल्याच इमारतीत, आपण आज बसता त्याच मजल्यावर भरली. त्या समुद्रात वर्षातले बरेच महिने जहाज शिरू शकत नाही. तिथले पाणी किती तापते, किती खारट होते, कोणीकडे वाहते हे कोणालाच धड माहीत नव्हते, आणि ते कळेपर्यंत पुढच्या हवामानाबद्दल बोलणे म्हणजे नुसते चाचपडणे आहे, असे बैठकीचे अध्यक्ष रोज सकाळी सांगत. मी त्या वेळी या कार्यालयात टायपिस्ट होते. माझे यजमान तळमजल्यावरच्या वर्कशॉपात यंत्रे जुळवण्याच्या कामावर होते. दुपारी आम्ही जिन्याच्या मधल्या वळणावर बसून जेवत असू. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास यायचा आणि माझ्या बोटांना कार्बनचा. पाहुण्यांचे ओले ओव्हरकोट हॉलमधल्या खुर्च्यांवर टाकलेले असत, त्यामुळे खुर्च्या पुरत नसत आणि अर्धे शास्त्रज्ञ खिडकीच्या कट्ट्यावर बसून भांडत. तो गलका मला अजून ऐकू येतो. आता तसे कोणी भांडत नाही म्हणे. आता सगळे पडद्यावर असतात आणि एकेकाचा आवाज बंद करता येतो.

२. प्रत्येक देशाने महासागराचा कोणता तुकडा सांभाळायचा, याची वाटणी नकाशावर झाली. एवढा मोठा नकाशा एका कागदात मिळेना, म्हणून दोन कागद शेजारी ठेवून मधल्या जोडावर चार बोटे रुंदीची तपकिरी चिकटपट्टी लावण्यात आली. ती अध्यक्षांनी स्वतः बाह्या सरसावून लावली. "दुसऱ्या कोणाला सांगितलं तर वाकडी लावेल," असे ते म्हणाले. पट्टी सरळ लागली होती, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. मग डावीकडच्या देशांनी पट्टीपासून डावीकडे आणि उजवीकडच्यांनी पट्टीपासून उजवीकडे पेन्सिलीने रेघा मारल्या. चार दिवस रेघांवरून वाद झाले. शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्यावर एक परदेशी बाई, ज्यांना आम्ही उंचीमुळे 'शिडीबाई' म्हणत असू, नकाशाजवळ गेल्या आणि नखाने पट्टीचा कोपरा उचकटत त्यांनी विचारले, "आणि हिच्याखालचा समुद्र कोणाचा?"

अध्यक्ष म्हणाले, "पट्टीचा." सगळे हसले, पण नंतर कोणी कोणाकडे बघेना. कागद पुन्हा करायचे तर नऊ सरकारांच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या असत्या. शेवटी असे ठरले की पट्टीखालच्या समुद्रात तूर्त एक यंत्र कोणत्याही देशाच्या नावाशिवाय सोडावे आणि तो भाग कोणाचा ते पुढच्या बैठकीत ठरवावे. पुढची बैठक म्हणजे आपण येत्या महिन्यात घेणार आहात ती.

३. ते यंत्र म्हणजे चौदा क्रमांक. त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांनी जहाजावर जाऊन ते स्वतःच्या हाताने पाण्यात सोडले. आपल्याला ठाऊक असेलच, पण अर्ज अनेक टेबलांवरून जातो म्हणून लिहिते : अशा यंत्राच्या तळाशी वजन असते, त्यावर लांबच लांब दोर, दोरावर मोजमाप करणाऱ्या नळ्या आणि वरच्या टोकाला तरंगणारे गोळे. सगळे पाण्याखाली उभे राहते. परत हवे असेल तेव्हा जहाजाने त्या जागी जाऊन पाण्यात एक ठरावीक आवाज सोडायचा. तो ऐकला की तळाचे वजन धरून ठेवणारा आकडा उघडतो, वजन खालीच राहते आणि बाकी सगळे वर येते. कागदोपत्री याला काय म्हणतात ते मी हजारदा टाइप केले आहे. वर्कशॉपातली माणसे याला हाक मारणे म्हणत.

आणि वर्कशॉपाचा एक रिवाज होता. ज्याने यंत्र सोडले त्यानेच हाक मारायची. सोडताना वारा कुठून होता, दोर कसा उतरला, जहाज किती सरकले हे त्यालाच माहीत, एवढेच मुळात कारण होते. पण होता होता त्याचे व्रत झाले. दुसऱ्याच्या यंत्राला हाक मारणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाला परस्पर शाळेतून घेऊन जाण्यासारखे समजले जाई.

४. पुढच्या वर्षी यजमान स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांच्याऐवजी त्यांच्या हाताखालचा फिटर गेला. बारीक चणीचा म्हणून त्याला 'काडी' म्हणत. जहाज बरोबर जागेवर उभे राहिले. हवा चांगली होती, बर्फ बाजूला झालेला होता. कप्तान म्हणाले, "मार हाक." काडी म्हणाला, "हे दादांचं आहे. दादा मारतील." कप्तान म्हणाले, "तुझे दादा पलंगावर पडलेत." तो म्हणाला, "पडलेत ना, मेले तर नाहीत. पुढच्या वर्षी येतील." जहाजावरच्या दुसऱ्या दोघांनीही त्याचीच री ओढली. कप्तानांनी कपाळावर हात मारला आणि जहाज वळवले.

परत आल्यावर काडी बिस्किटांचा डबा घेऊन आमच्याकडे आला आणि पलंगाशी बसून म्हणाला, "दादा, काळजी सोडा. तुमच्या चौदाला कोणी हात लावलेला नाही." यजमानांचे डोळे भरून आले. मी चहा केला. काय झाले आहे हे त्या खोलीत आम्हा तिघांपैकी एकालाही कळले नव्हते. त्यापुढच्या वर्षी तिथला बर्फ फुटलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी योजनाच थांबली, वर्कशॉप बंद झाले आणि यजमानांना कार्यालयात कपाटांच्या किल्ल्या सांभाळायला बसवले. तिथूनच ते निवृत्त झाले.

५. आता आपल्या पत्रांविषयी. नवीन योजनेच्या मसुद्यात 'हरवलेली यंत्रे' या मथळ्याखाली चौदा क्रमांक आहे, असे समजल्यावर मी पहिला अर्ज केला. उत्तर आले की सदर यंत्र कोणत्याही देशाच्या वाट्यात नाही, सबब त्याचा शोध घेण्याची जबाबदारी कोणत्याही देशावर येत नाही. मी नम्रपणे विचारले की ज्याला कोणी शोधलेच नाही ते हरवले असे कसे म्हणता येईल. त्यावर दुसरे पत्र आले की विचार करता यावा म्हणून यंत्राचे सद्यःस्थितीतील छायाचित्र सादर करावे.

महोदय, ते समुद्राच्या तळाशी आहे.

तरीही माझ्यापाशी होते ते छायाचित्र मी पाठवले. ते वर्कशॉपातले आहे. यंत्र उभे आहे आणि यजमान त्याच्या गोळ्यावर हात ठेवून उभे आहेत. तिसऱ्या पत्रासोबत ते परत आले. शेरा असा होता की छायाचित्रात यंत्राव्यतिरिक्त अन्य व्यक्ती दिसत असल्याने ते ग्राह्य नाही. ते कापून पुन्हा पाठवण्याची सूचना आपल्या खिडकीवरच्या मुलीने चांगल्या मनाने केली. मला ते जमणार नाही.

६. घाई करण्याचे कारण असे. प्रत्येक यंत्राचा हाकेचा आवाज वेगळा असतो. येत्या बैठकीत चौदा क्रमांक हरवल्याचे मंजूर झाले की त्याचा आवाज नव्या एखाद्या यंत्राला दिला जाईल. मग पुढे कोणाला वाटले तरी जुन्याला हाक मारता येणार नाही, कारण त्या हाकेला भलतेच यंत्र वर येईल. आपल्या कार्यालयातल्या एका तरुण इंजिनिअरने मला बाकावर बसवून, पाणी देऊन समजावले, "आजी, त्याची बॅटरी केव्हाच संपली असेल. दोर तुटला असेल. हाक मारून काही येणार नाही वर." हे मला कळते. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, खुळी नाही. यंत्र वर आले पाहिजे असे माझे म्हणणेच नाही. नव्या आखणीच्या मसुद्यात पट्टीखालचा समुद्र आता रीतसर वाटून दाखवला आहे आणि आपले जहाज पुढच्या उन्हाळ्यात त्याच भागातून जाणार आहे. जाता जाता थांबून एक आवाज सोडायचा, थोडे थांबायचे आणि पुढे जायचे, एवढीच विनंती आहे.

७. यजमानांची प्रकृती ठीक नाही. हृदय दुबळे झाले आहे. डॉक्टर आता महिन्याच्या पलीकडचे काही बोलत नाहीत. त्यांना पुष्कळ गोष्टींचा विसर पडतो. चहा घेतलेला आठवत नाही, नातवाची परीक्षा आठवत नाही. पण सकाळी स्वेटर चढवून खिडकीत बसले की विचारतात, "चौदाला हाक मारली का गं?" पूर्वी आठवड्यातून एखादे वेळी विचारत. आता रोज विचारतात, आणि 'नाही' म्हटले की आपला पाय चाचपून बघतात.

आमची मुलगी म्हणाली, "आई, सांगून टाक ना मारली म्हणून. बाबा कुठे बघायला जाणार आहेत?" मी आयुष्यभर दुसऱ्यांनी सांगितलेला मजकूर टाइप केला, हाही करावा असे वाटले. एके दिवशी धीर करून सांगितले की मारली हाक, काही वर आले नाही. त्यांचा चेहरा मोकळा झाल्यासारखा दिसला. मला वाटले, झाले. मग त्यांनी विचारले, "मारली कोणी?"

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी गडबडून काडीचे नाव घेतले. ते म्हणाले, "अगं, तो गेला ना? आपण दोघं गेलो होतो की त्याच्या घरी." ते रागावले नाहीत. उलट माझी समजूत काढल्यासारखे म्हणाले, "असू दे. पाय बरा झाला की मी जाईन." आणि मुलीला बूट शोधायला लावले. ती अर्धा तास घरभर बूट शोधत होती. आम्ही ते केव्हाच देऊन टाकले आहेत.

८. आपल्या नोंदीसाठी त्या वेळच्या मंडळींचे पुढे काय झाले ते लिहिते, कारण साक्षीदार कोण, असे आपण विचाराल. अध्यक्ष निवृत्तीनंतर कुंड्यांत टोमॅटो लावत आणि येईल त्याला देत. ते वारले. शिडीबाई आपल्या देशात आहेत. दर नव्या वर्षी त्यांचे कार्ड यायचे, अलीकडे त्यांचा भाचा त्यांच्या वतीने लिहितो आणि त्या आता कोणाला ओळखत नाहीत असे कळवतो. कप्तान जमिनीवर राहायला लागल्यावर दोन वर्षांत गेले. जहाज मोडीत निघाले. काडी वर्कशॉप बंद झाल्यावर एका दुकानात शिवणयंत्रे दुरुस्त करायचा. तिथेच काम करताना टेबलावर डोके ठेवून बसला तो उठला नाही. त्याच्याबरोबर री ओढणाऱ्या दोघांपैकी एक वारला आणि दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. वर्कशॉपाच्या जागी आपल्या कर्मचाऱ्यांच्या गाड्या उभ्या असतात. माणसे गेल्याचे मात्र यजमानांना एकूण एक आठवते. त्यामुळे हाक मारली असे ज्याच्या नावाने सांगावे असा एकही माणूस माझ्यापाशी शिल्लक नाही.

९. तरी विनंती की चौदा क्रमांकाला एकदा हाक मारल्याशिवाय ते हरवल्याचे मंजूर करू नये. पुढचा उन्हाळा लांब आहे आणि यजमान तोवर थांबतील असे डॉक्टरांना वाटत नाही, हे मी जाणते. जहाज पाठवणे आपल्याला शक्य नसेल, तर माझी दुसरी विनंती त्याहून लहान आहे. आपल्या कार्यालयाच्या तिन्ही पत्रांवर 'उपसंचालकांकरिता' असे लिहून खाली सही आहे. ती कोणाची ते वाचता येत नाही. मला एक नाव हवे आहे. हयात असलेल्या, या कामावर असलेल्या एका माणसाचे पूर्ण नाव, जे मी यजमानांना सांगू शकेन. बाकीचे मी बघेन.

आपले दिलेत तरी चालेल. ते आपल्याला ओळखत नाहीत, त्यामुळे विश्वास ठेवतील.

कळावे, ही विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
निवृत्त टायपिस्ट, सागरी कार्यालय

दिनांक : ३ मार्च २०२५

सोबत :
१) आपली तीन पत्रे.
२) तिकीट लावून पत्ता लिहिलेले पाकीट. नाव एका चिठ्ठीवर लिहून त्यात घातले तरी पुरे, जावक क्रमांकाची गरज नाही.