ठरावाविरुद्ध पाच नावं

येनाजवळ, जर्मनी, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्षितिजा,

वर्षभर तुला एक ओळ लिहिली नाही. ‘कामं होती’ असं चार वेळा लिहून खोडलं. कामं नव्हती. माफ कर, आणि आधी कालची हकिगत ऐक.

आमच्या गावच्या दफनभूमीत पाच पोलिश वैमानिक आहेत. महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढताना त्यांचं विमान इथे पडलं. नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांसाठी एक रविवार असतो. आमचं इतिहास मंडळ पुष्पचक्र वाहतं, गावच्या मृतांची नावं वाचतं, बँड वाजतो. त्या पाचांची नावं मात्र कधीच नाहीत. मी मंडळाची चिटणीस, इतिवृत्त माझ्याकडे. सप्टेंबरच्या सभेत अध्यक्ष हेर ब्रेनर म्हणाले, “यंदाही ती नकोत. अशाच विमानांनी आपलं स्टेशन जाळलं, माझी मावशी तिथेच गेली.” बाकी सगळ्यांचे हात वर झाले. माझा खालीच होता, पण मी बोलले नाही. तटस्थ मत इथे मोजत नाहीत. घरी येऊन मी सुबक अक्षरात लिहिलं: सर्वानुमते मंजूर. तुझ्या भाचीने, ऊर्जाने, वाचून जर्मनमध्ये विचारलं, सर्वांत तूही का? मी म्हटलं, जेवायला ये.

मग डायरीत रोज तेच. मी ना पोलिश, ना जर्मन. मला काय अधिकार? ब्रेनरांचं मावशीसाठीचं दुःख खोटं नाही. पण तिचं नाव दगडावर आहे, दरवर्षी मोठ्याने वाचलं जातं. आपलं दुःख खरं म्हणून दुसऱ्याचं नाव गाळता येतं का? ऑफिसातल्या पोलिश सहकाऱ्याकडून पाचही नावांचे उच्चार घोटून घेतले. तो म्हणाला, आमच्या निम्म्या पोरांपेक्षा तुझी जीभ बरी वळते.

काल पुष्पचक्र ठेवल्यावर मी पुढे झाले आणि वाचायला लागले. चौथ्या नावाला हेर ब्रेनरांनी बँडला खूण केली. पाचवं मी बँडमधल्या ट्यूबाच्या वर आवाज काढून वाचलं. नंतर ते जवळ येऊन म्हणाले, “फ्राऊ दाबके, हे ठरावाविरुद्ध आहे.” मी म्हटलं, “गेनाऊ, अगदी बरोबर.” “इतिवृत्तात नोंद करा!” केली, माझ्या नावासकट.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते. तुझ्या लग्नापासून घरात तुझं नाव घेत नाहीत. बाबांचं निधनवृत्त पेपरात आलं, ‘पश्चात पत्नी, एक मुलगी, जावई, नात’, ते मी लिहिलं होतं. आई फोनवर म्हणाली, “एकच लिही गं, आता वाद नको.” मी टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं, पाठवलं. आईवर ढकलत नाही. बोटं माझी होती. पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. पुण्यस्मरणाचा मजकूर पुन्हा माझ्याकडे आलाय, पुन्हा ‘एक मुलगी’. आज आईला सांगितलं: दोघींची नावं छापतील, नाहीतर माझंही नको. ती रडली. मीही रडले, पण शब्द मागे घेतला नाही. मला क्षमा करायची की नाही ते तू ठरव. नाव छापायला तुझी परवानगी मागत नाही. मुलगी असण्याला कसली परवानगी?

तुझीच,
चारुताई

उद्या: दोन मुलींचा मजकूर पेपरच्या कचेरीला पाठवणे.