टकरीत निसटलेली एर्सिलिया

विकुन्या, सप्टेंबरअखेर

आदरणीय एदुविखेसताईंना निकानोरचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींचा खोकला? (त्यांना म्हणावं, खाणीतली धूळ कमी पडली म्हणून वर सिगारेटही हवी का?) आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तुमची धाकटी बहीण, आमची एर्सिलिया, तर अतिच ठीक आहे, आणि तेच सांगायला बसलोय.

झालं असं, की डोंगरावरच्या वेधशाळेतल्या डॉक्टर ओयार्सूनबाई (औषध देत नाहीत, तारे बघतात) आमच्या नाचाच्या मंडळाकडे आल्या. म्हणे, सणाला चौकात दोन दीर्घिकांची टक्कर नाचून दाखवा. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गरगरता भोवरा. एक आम्ही, आणि दुसरी कोण, तर शेजारच्या दियागितास गावचं मंडळ! म्हणजे त्यांचा प्रमुख तो बाल्तासार, ज्याच्याशी मी फक्त मयतीत बोलतो. पण एर्सिलियाचे डोळे चमकले आणि मी हो म्हणून बसलो.

बाईंनी समजावलं, टकरीत तारे एकमेकांवर आपटत नाहीत, मधे अंतरच इतकं असतं. फक्त एकमेकींच्या ओढीने कडेचे तारे आणि वायू बाहेर खेचले जातात, लांब शेपट्या निघतात, आणि त्या शेपटीत वायू गोळा होऊन कधीकधी नवी चिमुकली दीर्घिका जन्मते. बटू दीर्घिका. ऐकायला किती गोड! पण ताई, ताऱ्यांच्या टाचांना आमच्या नाचाच्या बुटांसारखी काटेरी चक्रं नसतात.

ढोल वाजला, दोन्ही मंडळं हात धरून गरगरत एकमेकांत घुसली. बाल्तासारच्या टाचेचं चक्र माझ्या पोंचोत अडकलं आणि आम्ही दोघे प्रमुख गळ्यात गळा घालून फिरू लागलो. (लोकांना वाटलं समेट झाला. टाळ्या!) कडेची माणसं सुटली ती थेट पीचच्या सरबताच्या गाडीपाशी. थोडी आमची, थोडी त्यांची, आणि त्यात एर्सिलिया! परत यायचं सोडून सगळ्यांनी तिथेच रुमाल काढून नाच धरला. मी ओरडलो, "अगं, इकडे ये! रांग मोडली!"

"रांग कसली मोडली? बाहेर पडलेल्यांनी तिथेच जमायचं, बाई म्हणाल्यात. तुम्ही काय विज्ञान बदलणार?"

आणि बाई टोपी उडवत ओरडतायत, "अगदी हेच! अगदी असंच होतं!" सगळी गर्दी तिकडे. आमच्याकडे पाहायला एक कुत्रा उरला.

सण संपला, पण हे बटू काही विरघळेनात. त्यांचं आता वेगळं मंडळ आहे. ना प्रमुख, ना समिती. (आमची समिती नाचत नाही, दिसतही नाही, पण सगळं वजन तिचंच. बाई म्हणतात, टकरीतून जन्मलेल्या बटूंत तसलं न दिसणारं वजन जवळजवळ नसतंच.) तालीम कुठे? माझ्याच अंगणात, माझ्याच द्राक्षांच्या मांडवाखाली! इकडे उरलेल्या दोन मंडळांचं एक झालंय, प्रमुख मात्र दोन. बाल्तासार म्हणतो डावीकडून, मी म्हणतो उजवीकडून, आणि माणसं जागच्या जागी उभी. घरी यावं तर अंगणातलं हसणं ऐकत आतलं सारण गोठलेली गार एम्पानादा खायची. ही जिंदगी आहे?

आणखी लिहिलं तर कागद फाटेल.

तुमचा वैतागलेला,
निकानोर

ता. क. त्यांना डफवाला हवाय असं कानावर आलंय. मला डफ येतो हे एर्सिलियाला ठाऊक आहे, पण अजून विचारलं नाही तिने. तुमचा शब्द ती मोडत नाही. सहज सुचल्यासारखं बोला, मी सांगितलं म्हणू नका. मागे उभा राहीन. सूचना करणार नाही.

दुसरा ता. क. बाल्तासार डफ घेऊन आमच्या फाटकात उभा आहे. ताई, हे पत्र पोचायच्या आत फोन करा!