कासरा सोड

महाड,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय आवडीआत्या,

वाकून नमस्कार. दोन्ही गुडघे सोललेत, त्यामुळे अर्धीच वाकले आहे. आशीर्वाद मात्र पुरता दे.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशीलच. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि डोंबिवलीतला तुझा अख्खा मजला ऐकायला गोळा होतो. हे फक्त तुझ्यासाठी आहे. काकांनाही आधी दाखवू नकोस. का ते पुढे कळेल.

गावी कापड्याला सगळी बरी आहेत. अवकाळीने यंदा छळलं, पण भात घरात आलं एकदाचं. आईने तुझ्यासाठी नव्या भाताचे पोहे बाजूला ठेवलेत. माझी कंपनीतली प्रयोगशाळा, महाडातली खोली, शनिवारी पोलादपूरची एस.टी., सगळं आहे तसंच आहे. तुझा पुतण्या विनीत मस्कतहून सुट्टीवर आलाय हे तुला माहीत आहेच. येताना त्याने खजूर आणि अत्तर इतकं आणलंय की बाबांच्या गोठ्यालासुद्धा वास येतो.

आता गुडघ्यांचं सांगते. आईने तुझ्याकडे रडगाणं गायलंच असेल, की पोर रविवारी समुद्रावर जाते आणि फळकुटावर उभी राहते. खरं आहे. माझ्याबरोबर काम करणारी श्रुतिका श्रीवर्धनकडची. तिच्या गावचा मुरारीदादा सर्फिंग शिकवतो. गेल्या हिवाळ्यात मी तिच्याबरोबर सहज गेले आणि अडकले. बाबा म्हणाले, "अगो, डोंगरातली माणसं आपण. लाटंवर काय लावणी करायची हाय तुला?" मी हसण्यावारी नेलं.

पण जमत नव्हतं हेही खरं. पोटावर झोपून हात मारत जायचं, लाट आली की टुणकन उठून उभं राहायचं, एवढंच. मी उठायचे आणि लगेच पाठीवर आपटायचे. दर वेळी पाठीवरच. मुरारीदादा वैतागून म्हणायचा, "बाकीची पोरं पुढं पडतात, तू मागं कशी गो पडतेस? आणि मुठीत काय धरलंयस?" मला तरी कुठे कळत होतं!

बोटातली अंगठी मी समुद्रात पडेल म्हणून काढून ठेवली, असं आईला सांगितलं होतं. तिने ते तुलाही सांगितलं असणार. ते आत्ता बाजूला राहू दे.

काल विनीतला घेऊन गेले. साखरपुड्यानंतर दोन वर्षं आम्ही मोबाइलवरच बोलत आलो. तिकडे तो एसीत बसलेला, इकडे मी रेंज मिळवायला गच्चीवर. काय जेवलीस, काय जेवलास. मग तो तिकडच्या नव्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दाखवायचा आणि मी "छान आहे" म्हणायचे. तो माणूस मला आवडतो गं आत्या. ते स्वयंपाकघर आवडत नव्हतं.

तर काल मी पाण्यात, तो वाळूवर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. मी तीनदा आपटले. चौथ्यांदा वर आले तर हा पोट धरून हसतोय. मला असला राग आला! पण तो मुरारीदादाला ओरडून सांगत होता, "अरे, ती शेतातल्या फळीवर उभी हाय! कासरा धरलाय तिनं!"

आत्या, तुझ्या डोळ्यांपुढे आलं का? चिखलणी झाली की शेत सपाट करायला बैलांमागे फळी लावायचे आणि वजनाला म्हणून पोरांना तिच्यावर उभं करायचे. तू उभी राहिलीस, तुझ्यानंतर मी. बाबा ओरडायचे, "मागं रेल गो, कासरा घट्ट धर, नायतर नाक चिखलात!" माझ्या अंगाने ते आजवर सोडलंच नव्हतं. समुद्रातही मी मागे रेलून, मुठी आवळून, कोणीतरी ओढून नेईल म्हणून उभी राहत होते. आणि तिथे बैल कुठले!

मग विनीत पँटीसकट पाण्यात शिरला. "दाव मला" म्हणाला, माझ्या फळकुटावर चढला आणि हुबेहूब माझ्यासारखा पाठीवर आपटला. कशेडी घाटाखालचा तोही, त्याच चिखलातला. आम्ही दोघं वाळूत बसून इतकं हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही थांबेना.

आता खरं लिहिते. अंगठी समुद्रासाठी काढली नव्हती. ती डबीत घालून मी काल पिशवीत घेऊन गेले होते, त्याला परत द्यायला. स्थळ तू आणलेलं, माणूस तुझ्या सासरचं, तुझा शब्द गेला असता, तुला त्या घरात तोंड दाखवणं जड झालं असतं. हे सगळं मला कळत होतं आणि तरी मी ठरवलं होतं. म्हणूनच तुझे फोन चुकवत होते.

मी म्हटलं, "विनीत, मी मस्कतला येणार नाही. आज नाही, कधीच नाही. मला माझं काम आवडतं, मला इथेच राहायचंय. तुला तिकडेच राहायचं असेल तर तुझी अंगठी पिशवीत आहे."

तो हात पसरून वाळूत सरळ आडवा झाला. मी घाबरले. विचारलं, काय होतंय?

"काय नाय," तो म्हणाला. "बरं वाटतंय." मग आभाळाकडे बघत म्हणाला, "मला पयल्या वर्षीच परत यायचं व्हतं गो. पण आवडीकाकी बोलली, पोरीला बाहेरदेशाची लय हौस हाय, तिकडं संसार मांडशील तरच ती खूश राहील. म्हणून करार वाढवला. म्हणून तो फ्लॅट."

आणि मला तू काय सांगितलं होतंस, आठवतंय? "मुलगा तिकडंच कायमचा राहणार हाय, तू तयारी ठेव, त्याचं मन मोडू नको."

आत्या, आत्या! स्थळ गोड करायला दोन्हीकडे साखर पेरलीस, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांसाठी नको तिथे जायची तयारी करत बसलो. मला काल तुझा भयंकर राग यायला हवा होता. पण छातीवरचा धोंडा उतरलेला माणूस रागावतो कसा, सांग बरं.

त्याचा करार एप्रिलमध्ये संपतो. तो परत येतोय. इथे मस्कतएवढा पगार नाही, ते आम्हा दोघांना ठाऊक आहे.

त्यानंतर मी पुन्हा पाण्यात गेले. लाट आली, उठले, आणि काठावरून हा बेंबीच्या देठापासून ओरडला, "सेजल, कासरा सोड!" मी मुठी उघडल्या. आत्या, मी उभी राहिले! थेट वाळूपर्यंत आले, आणि उतरताना आनंदाच्या भरात गुडघ्यांवर पडले. हे सोललेले गुडघे त्याचेच.

आता तुझी शिक्षा. रविवारी कापड्याला ये. दोन्ही घरची माणसं बसतील. मुलगा परत येतोय आणि मुलगी जात नाहीये, हे तू तुझ्या तोंडाने सांगायचं. तूच जुळवलंस, तूच निस्तर. तुझ्याइतकं गोड दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. चहाबरोबर पोहे मिळतील आणि मी तुझ्या शेजारी बसेन.

अंगठी बोटात आहे. समुद्रात जाताना मात्र काढते, आता खरंच पडेल म्हणून.

तुझी, इथेच राहणारी,
सेजल