वाजलं की साळू उठते

१८ एप्रिल, शुक्र.
डॉक्टरबाई येऊन गेल्या. साळू घोडीच्या पुढच्या पायांचा एक्स-रे दाखवला. मला त्यात धुकंच दिसलं. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, खुराच्या आतलं हाड खाली सरकून राह्यलंय. आणखी सरकलं तर तळव्यातून बाहेर येईल.
मंग काय, विचारलं.
बाई बंड्या तट्टाच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. माझ्याकडं बघेनात. "मग तिला मोकळं करावं लागेल, मावशी."
दावं सोडून मोकळं करणं वेगळं. हे इंजेक्शनचं मोकळं. कळलं मला.
दाणा बंद. खाली मऊ. पडून राहू द्यायचं, चालवायचं नाही. टेंपोत घालून दुसरीकडं न्यायचं तर नावच नको, हादऱ्यानं पाय जातील. पावसाळ्यापर्यंत अशी निभावली तर खूर धरेल म्हणाल्या.
इतकंच ना, म्हणलं मी. बाई गेल्या, फाटकाची कडी लावली, आणि समोर बांधापलीकडं लग्नाच्या लॉनची कमान दिसली. औंदा नवीन झालंय. शहागडच्या पुलापासून प्रत्येक वरात आपल्या तारेच्या कुंपणाला घासून जाणार.
रविवारी पहिलं लग्न.

१९ एप्रिल, शनि.
मिलिंदनं शाळेतल्या नोकरीवरून आल्यावर उसाचं पाचट आणून टाकलं. गुडघाभर गादी केली. साळू त्यात पसरली आणि असा सुस्कारा सोडला की मलाच बरं वाटलं. चिमणी शिंगरी तिच्या पोटाला टेकून बसली. ताराबाई गाढवीण दारात पहारेकरणीसारखी.
गोळी भुश्यात कालवून दिली. खाल्ली. शाब्बास म्हणलं. नेहमीसारखी एकदम गप्प झाली, कान मागं, पापणी हलेना. दिवाळीच्या आधी पुलाखाली बांधून टाकलेली सापडली तेव्हापासून हिचं हे असंच आहे. कौतुक केलं की लाजते.
मिलिंद म्हणाला, "आई, मला कधी म्हणलीस का गं एवढ्या वेळा शाब्बास?"
म्हणलं, तू कधी गोळी खाल्लीस का न कुरकुरता.

२० एप्रिल, रवि.
पहिली वरात.
ढोल पुलाजवळ वाजला तेव्हाच कान उभे झाले. ताशा जवळ आला तशी साळू उठली. आम्ही कुशीवरून वळवायला दोघं लागतो, ती एका दमात उठली. मान कमानीसारखी, उजवा पाय वर, टेकला, डावा वर. त्या पायांवर. नाचून राह्यली ती. आनंदानं म्हणावं तर डोळे तसे नव्हते.
थांब म्हणलं, होऽ होऽ म्हणलं, बस गं माय, ए बाई, बैस. मिलिंदचे बाबा टांग्याच्या घोड्याला जे म्हणायचे ते सगळं म्हणून झालं. मिलिंद तिच्या तोंडाच्या मोहरकीच्या दोरीला लोंबकळला. वरात कमानीत शिरून ढोल बंद होईपर्यंत थांबली नाही. मग गुडघ्यावर आली आणि कण्हली. घोडी कण्हताना मी पहिल्यांदा ऐकली.
एक बँडवाला कुंपणाशी येऊन बघत उभा. पाणी मागितलं, दिलं. म्हणाला, "मावशी, ही टेंभुर्णीच्या लिंबाजीची वरातीची घोडी हाय. तिच्या म्होरं लय वाजवलंय मी. त्यानं सांगितल्याबिगर थांबत न्हाई ती. एक शब्द हाय त्याचा."
कोणता?
"आम्ही ट्रंपेटवाले. आम्हाला कुठं काय ऐकू येतंय?"

२१ एप्रिल, सोम.
डॉक्टरबाई: आणखी सरकलंय थोडं. असा नाच परत झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, म्हणाल्या. गुंगीची सुई मागितली. हृदय नाजूक आहे, रोज नाही देता येणार, एखाद्या वेळी.
साळूच्या कानात सरकीचा कापूस कोंबला. तिनं झटकला, ताराबाईनं खाल्ला.
लॉनवर गेल्ते. मॅनेजर चांगला माणूस, खुर्ची दिली, जयभीम घातला. "मावशी, वाजंत्री पाहुण्यांची, रस्ता सरकारचा. माझा फक्त मांडव." मग त्यानंच पुढच्या लग्नघरांचे फोन लावून दिले.

२३ एप्रिल, बुध.
आजच्या वरातीत नवरदेवाचा मामा स्वतः पुढं आला, पुलापासून कमानीपर्यंत वाजवणं बंद ठेवलं. मला म्हणाला, "घोडीसाठी बाजा थांबवला हे व्याह्याला कळलं तर मलाच मोहरकी घालतील." सगळी वरात चप्पल वाजवत मुक्यानं गेली. बायका कुंपणावरून साळूकडं बघत होत्या, जसं काही नवरी तीच.
साळू उठली नाही. मामाला चहा पाजला.
रविवारच्या लग्नघराशी फोन झाला. नवरदेवाचा भाऊ. "घरातलं शेवटचं लग्न आहे मावशी, दोन बँड सांगितलेत. घोडीला दोरी लावा." फोन ठेवला त्यानं.
उद्या टेंभुर्णीला जाते. मिलिंद सुट्टी टाकून घरी थांबणार.

२४ एप्रिल, गुरु.
अंबड, जालना, तिथून टेंभुर्णी. पाठ मोडली, पण आजच लिहून ठेवते.
लिंबाजी सापडला. बाजेवर. अर्ध्या अंगावरून वारं गेलंय. म्हणून घोडी विकली होती, तिला पुलाखाली सोडणारा कोणी तिसराच. तिच्या पाठीवर साखळीचे वळ होते म्हणलं तर म्हातारा तोंड फिरवून रडला. खोटं नव्हतं ते रडणं.
"चारा खाते का? कडबा नीट तोडून देत जा, लांब टाकला तर नखरे करती." त्याच्या बायकोनं कपभर दूध पुढं केलं. दोघांना लेकरू नाही.
मी मुद्द्यावर आले. शब्द सांगा.
"शाब्बास," म्हणाला.
मला वाटलं माझंच कौतुक चाललंय. परत विचारलं.
"तेच सांगून राह्यलो, मावशी. शाब्बास. वरातीत घोडीला वरडता येत न्हाई. वरडलं की पाहुणे म्हणतात घोडी खोडील हाय, नवरदेव उतरवून घेतात. म्हणून शिकवतानाच काठी आन् शाब्बास बराबर. एक पाठीवर, एक कानात. मंग वरातीत काठी लागत न्हाई. नुसतं शाब्बास म्हणलं की खांबावानी उभी. लोकांना वाटतं कौतुक करून राह्यला."
माझ्या हातातला कप खाली ठेवला.
म्हणलं, मी तर दिवाळीपासून रोज म्हणते. गोळी खाल्ली की, पाय उचलला की.
तो हसायलाच लागला. अर्ध्या तोंडानं. "काठीबिगर? मंग तुम्ही बिघडवली ती. आता नुसत्या शब्दाला थांबल का न्हाई, सांगता येत न्हाई. काठी दिसावी लागल."
तुमच्या जिवाला काही वाटलं नाही का हो, विचारलं.
"वाटलं ना. पण नाचणारी होती म्हणून माझ्या दारात म्हातारी झाली. न नाचणारी कुठं जाती, तुम्हाला ठाऊक हाय."
येताना बसमध्ये सारखं साळूचं ते लाजणं डोळ्यांपुढं. कान मागं. पापणी न हलणारी.

२५ एप्रिल, शुक्र.
मिलिंदला सांगितलं. तो म्हणतो, "शब्द मिळाला ना, मंग झालं. पाय वाचतील." त्याचं खरं आहे.
गोळी दिली. तोंडातून 'शा' निघालाच होता, दातांत धरला. साळूनं माझा पदर हुंगला.
ते आता म्हणायचंच नाही, असं ठरवलं. रविवारचं काय ते...

२६ एप्रिल, शनि.
नवरदेवाच्या भावाला परत फोन. उचलला नाही. मॅनेजर म्हणाला, प्रयत्न केला मावशी.
डॉक्टरबाई उद्या परभणीकडं, बहिणीच्या घरी कार्यक्रम आहे. आजच सुई मिलिंदच्या हाती दिली, कशी टोचायची दाखवलं. वरातीच्या घटकाभर आधी द्या म्हणाल्या, वाजायला लागल्यावर देऊन उपयोग नाही.

२७ एप्रिल, रवि.
वरात दुपारची होती. म्हणून सुई दुपारी दिली. नवरदेवाच्या गाडीचा अंबडजवळ टायर फुटला म्हणे, सगळे संध्याकाळी आले. तोवर सुई उतरली. दुसरी द्यायची नाही, बजावलं होतं.
दोन बँड. एक पुढं, एक मागं. जमीन हलत होती.
साळू उठली. बंड्या आणि चिमणी कोपऱ्यात दबले. पहिल्या दोन पावलांतच तिचा डावा पाय मुडपला, तरी ती उचलतच होती. मिलिंद ओरडला, "आई, म्हण की."
म्हणलं. हळू म्हणलं, रोजच्यासारखं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सहा महिन्यांत माझ्या तोंडचं शाब्बास तिनं बिनकाठीचं मानलं होतं. लाजणं उरलं होतं तेवढंच, मागच्या भीतीची सवय म्हणून. तेही सुटायला आलं असेल, कोणाला ठाऊक.
सरपणाच्या ढिगातली एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, उपसली. डोक्याच्या वर उचलली. लिंबाजीचा आवाज मी ऐकलाय, तसा घोगरा आवाज काढला आणि शाब्बास म्हणाले.
थांबली. उचललेला पाय हवेत तसाच, मग अलगद खाली. दोन्ही बँड जाईपर्यंत हलली नाही. तिच्या खालचं पाचट ओलं झालं.
तुराटीच होती. मारली असती तरी तीच मोडली असती. पण हे तिनं कशावरून जाणावं.

२८ एप्रिल, सोम.
डॉक्टरबाई सकाळीच आल्या. एक्स-रे. हाड तिथंच आहे. "थांबवलंत म्हणून, मावशी. नाहीतर आज मी वेगळी पिशवी घेऊन आले असते." खुश होत्या. शाब्बास मावशी, असं त्या म्हणणारच होत्या, मी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. मग बाहेर नेऊन सगळं सांगितलं.
साळू माझ्या हातचं खात नाही. मिलिंदच्या हातचं खाते. मी जवळ गेले की ताराबाई आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहते आणि पाठ माझ्याकडं करते.

२९ एप्रिल, मंगळ.
भुश्याची पाटी ठेवून लांब जाऊन बसले, पाठ करून. बराच वेळ. खाल्ल्याचा आवाज आला. वळून बघितलं नाही.
मिलिंद म्हणतो येईल ती, दिवाळीत आल्तीच ना. दिवाळीत तिला मी ठाऊक नव्हते, म्हणून आली. आता ठाऊक झाले.
डाव्या खुराची धग कमी आहे म्हणाला. हात त्यानं लावला. मला साळू लावू देत नाही.

३० एप्रिल, बुध.
बुद्धवंदना झाली. चहाचं आधण चुलीवर ठेवलं. चुलीत सारायला तुराट्या घेतल्या, त्यात रविवारची तीही आली, टोकाला वाकडी आहे म्हणून ओळखू येते. जाळाजवळ नेली.
बाजूला काढली. दाराआड उभी करून ठेवली. बाकीच्यांवर चहा केला.
साळू गादीवर पडली होती, तोंड दाराकडं. मला बघितलं, उठली नाही, मानही फिरवली नाही. एवढंच.
लॉनवर आज नवे पडदे चढवून राह्यले. शुक्रवारी लग्न आहे. मॅनेजरला विचारलं, वाजंत्री कोणाची. अजून कळलं नाही म्हणाला.